गादी बदलली तरी सकाळी कंबर धरतेच? आधी पलंगाखाली वाकून बघा

सात वर्षांत मी तीन गाद्या घेतल्या. पहिली स्प्रिंगची. दुसरी, 'पाठीला कडक गादीच चांगली' हा सल्ला चार तोंडांनी ऐकून घेतलेली, फरशीची सख्खी बहीण. तिसरी मेमरी फोमची. तिघींची कथा एकाच वळणाने गेली. पहिले पाच-सहा महिने छान झोप, मग उठताना कंबर जराशी धरायला लागायची, मग मोजे घालताना भिंतीला टेकावं लागायचं, आणि वर्ष-दीड वर्षात गादीला खळगा. तक्रार केली की दुकानदार माणूस पाठवायचा, तो गादीवरून हात फिरवायचा, 'वापराने एवढं होतंच' म्हणायचा आणि निघून जायचा.

तिसऱ्या वेळी चादर काढून त्या खळग्याकडे नुसता बघत बसलो होतो. तेव्हा एक गोष्ट खटकली. खळगा मी 'माझ्या बाजूचा' म्हणत होतो, पण तो मी झोपतो त्या जागेच्या बरोबर खाली नव्हताच. पलंगाच्या मध्याकडे सरकलेला होता. आधीच्या दोन्ही गाद्यांनाही तो तसाच होता. रात्री आम्ही दोघं नकळत मधे घरंगळायचो, आणि पहाटे एकमेकांना 'जरा सरक की' म्हणायचो, तेही आठवलं. तीन निरनिराळ्या मालाच्या गाद्या, आणि तिन्ही एकाच दिशेला बसतात?

मोबाइलचा टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरलो. मधल्या लांब पट्टीला एक आधाराचा पाय असतो. तो जमिनीला टेकलाच नव्हता. पाय आणि फरशी यांच्या फटीतून माझी करंगळी आरपार गेली. बायकोला म्हटलं, जरा वर झोप. ती झोपली तशी पट्टी कण्हत खाली आली आणि पाय टेकला. ती उठली, पाय पुन्हा वर. म्हणजे सात वर्षं आम्ही रोज रात्री एका झोळीत झोपत होतो आणि दर दोन-अडीच वर्षांनी त्या झोळीला नवी गादी घालत होतो.

तेव्हापासून कोणी 'गादी कोणती घेऊ' विचारलं की मी आधी 'पलंग कसा आहे' विचारतो. लोकांना वाटतं मी विषय बदलतोय. खरं तर तपास खालून वर करायचा असतो. आधी पलंग, मग गादी, मग उशी, सगळ्यात शेवटी चादर-पांघरूण. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गादी, उशी, टॉपर (गादीवर अंथरायचा जादा थर) सगळं एकाच आठवड्यात आणलं आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कळत नाही. बरं वाटलं नाही, तर मग काहीच कळत नाही.

दुखणं बिछान्याचं आहे ना?

हे आधी ठरवा, नाहीतर पैसे जातील आणि दुखणं राहील.

बिछान्यामुळे होणाऱ्या दुखण्याची चाल ठरलेली असते. रात्री झोपताना तुम्ही ठीक असता, सकाळी उठताना आखडलेले असता आणि हिंडाफिरायला लागलं की थोड्या वेळात सुटता. दिवसभर बसून संध्याकाळी वाढणारं दुखणं बहुधा खुर्चीचं असतं, गादीचं नव्हे. दुसरी खूण म्हणजे परगावी कुठेतरी चार रात्री झोपलात आणि सकाळी कंबर आठवलीही नाही, तर संशय घरच्या बिछान्यावर. जिथे जाल तिथे दुखत असेल तर बिछान्याला उगाच बोल लावू नका.

परगावी जाणं नको असेल तर फुकटातली चाचणी म्हणजे बाजू बदला. तीन-चार रात्री तुम्ही जोडीदाराच्या जागी आणि जोडीदार तुमच्या जागी. दुखणं जागेबरोबर गेलं, म्हणजे त्याची कंबर धरली आणि तुमची सुटली, तर निकाल लागला. पुढचा टप्पा म्हणजे घरातल्याच दुसऱ्या बिछान्यावर तीन रात्री. एका रात्रीवर विसंबू नका, नव्या जागी पहिली रात्र तशीही धड जात नाही.

सकाळी थोडं आखडणं मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो तो यामुळेच. फुगलेल्या चकत्यांवर उठल्या उठल्या कमरेतून वाकणं जड जातं. म्हणून उठल्याबरोबर वाकून बादली उचलू नये आणि त्या वाकण्यावरून गादीची परीक्षाही करू नये. पंधरा-वीस मिनिटांनी कसं वाटतं ते बघा.

आणि हे मात्र गादीच्या दुकानात सुटणार नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो, पहाटेच्या सुमारास दुखून जाग येते आणि हे चाळिशीच्या आत सुरू होऊन महिनोन् महिने चाललंय, तर सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. पायात मुंग्या किंवा शक्ती कमी वाटत असेल तरीही दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल तर त्याच दिवशी, थांबू नका.

पलंग

एक दोरी, एक मोजपट्टी आणि एक टॉर्च घ्या.

चादर, टॉपर, प्रोटेक्टर (गादीला डागांपासून वाचवणारं आवरण) सगळं काढा. गादीच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, कमरेच्या रेषेत, दोरी ताणून धरा. दोन्ही टोकं कडेवर टेकलेली हवीत. दोरी आणि गादी यांच्यातलं सगळ्यात जास्त अंतर मोजपट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. आता गादी उतरवून हेच नुसत्या पलंगावर करा. मग पलंगाच्या मधोमध कोणाला तरी बसवा आणि पुन्हा मोजा. ही तिसरी मोजणी लोक गाळतात, आणि माझ्या बाबतीत सगळं रहस्य तिच्यातच होतं. रिकामा पलंग सरळ दिसायचा, भार पडला की वाकायचा.

पलंग सरळ आणि गादीत खळगा असेल तर दोष गादीचा. पलंगच वाकत असेल तर कितीही भारी गादी आणा, ती त्याच्याच वळणाची होणार. खळग्याची जागाही बोलते. तुमच्या कुल्ल्यांच्या बरोबर खाली असेल तर बहुधा गादी दबली आहे, पलंगाच्या मध्याकडे ओढलेला असेल तर पलंग बघा.

फळ्यांचा पलंग असेल तर दोन फळ्यांमधली फट मोजा. फोम किंवा लेटेक्सच्या (फोमसारख्या रबराच्या) गादीला सात-आठ सेंटीमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, कमी असेल तितकं बरं. जास्त असली तर गादी फटींमध्ये शिरते. ओळखायची खूण सोपी आहे. गादी उलटून खालचं कापड बघा. आडवे पट्टे उमटलेले दिसतील, वाळूवर लाटांचे असतात तसे. काही पलंगांना किंचित कमानदार, लवचीक पट्ट्या असतात. त्यांची कमान वरच्या बाजूला हवी. जोडताना कोणी उलट्या बसवल्या असतील तर त्या आधार देण्याऐवजी खोबणी करतात. त्यांची प्लॅस्टिकची टोपणं तडकतात, एखादी पट्टी टोपणातून निसटून नुसती लोंबत असते आणि वरून काही कळत नाही.

दोन माणसांच्या रुंद पलंगाला मधे उभा आधार हवाच, तोही जमिनीला टेकणारा. फरशी समपातळीत नसते, खोलीत पलंग सरकवला जातो, आणि पाय हवेत राहतो. मी बोलावलेले सुतारकाका पलंगाखाली डोकावले आणि म्हणाले, "गादी तुम्हाला झोपवत नाही हो, हा पाय झोपवतो." मग पायाखाली लाकडाची पातळ पाचर सारली, तिच्याखाली रबराची चकती चिकटवली, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे बोल्ट आवळले. अर्ध्या तासाचं काम. पट्टी कायमची वाकली असेल तर पाचरीने भागत नाही, ती बदलावी लागते. रात्री कूस बदलताना करकर ऐकू येत असेल तर तोही बहुतेक वेळा बोल्टचाच आवाज असतो. गादी काढून सगळे बोल्ट एकदा आवळून बघा, मग ठरवा.

प्लायवूडची सलग फळी असलेल्या पलंगाचं दुखणं निराळं. पातळ प्लाय, खाली आधार कमी, की मधे पोट सुटतं. आणि सलग फळीला भोकं नसतील तर खालून हवा खेळत नाही. झोपेत आपण घामातून आणि श्वासातून बरंच पाणी सोडतो, त्यातलं काही गादीत उतरतं, खाली गारठलेल्या फळीपाशी जमतं. गादी उचलून खाली काळे ठिपके किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. खाली सामान ठेवायची पेटी असलेल्या बंद पलंगात हे जास्त. सुताराकडून फळीला ठिकठिकाणी भोकं पाडून घ्या, पेटी अधूनमधून उघडी ठेवा, गादी महिन्यातून एकदा उभी करून दोन-तीन तास वारा लागू द्या. उठल्याबरोबर बिछाना टापटीप झाकायची सवय असेल तर तीही अर्धा तास पुढे ढकला. पांघरूण बाजूला करून बिछाना उघडा ठेवला की ओल निघून जाते. आळशी माणसासाठी इतका सोयीचा नियम दुसरा नाही.

गादीखाली प्लायचा तुकडा सरकवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ती फक्त पलंगाच्या खळग्याला लागू पडते. गादीच आतून दबली असेल तर खाली संगमरवर घातला तरी वरचा खळगा तिथेच राहणार.

गादी खरंच बसली असेल तर

फोमच्या गादीत दोन गोष्टींची गल्लत होते, आणि विक्रेते ती खुशाल होऊ देतात. कडकपणा वेगळा, घनता वेगळी. कडकपणा म्हणजे दाबल्यावर फोम किती विरोध करतो. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. मऊ असूनही दाट फोम असतो, कडक असूनही विरळ असतो. हाताने दाबून कळतो तो कडकपणा. गादी किती वर्षं टिकणार हे ठरवते घनता, आणि ती हाताला कळत नाही, विचारावी लागते. साध्या पॉलियुरेथेन फोमची घनता तिशीच्या आसपास किंवा वर असेल तर रोजच्या झोपेला चालते. विशीच्या आसपासचा फोम पाहुण्यांच्या खोलीसाठी ठीक. मेमरी फोमचा आकडा पन्नासच्या पुढे हवा. वर सुंदर कापड, खाली विरळ फोम, आणि टोकाला 'ऑर्थो' लिहिलेलं लेबल, अशी गादी दुकानात पहिल्या दिवशी अप्रतिम वाटते. 'ऑर्थो' या शब्दामागे कुठलीही वैद्यकीय परीक्षा असतेच असं नाही.

मेमरी फोमचा जन्म झोपेसाठी झालेला नाही. १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तो विमानाच्या आसनांसाठी तयार केला. उष्णतेने तो मऊ होतो आणि थंडीत आखडतो. म्हणून गार खोलीत पहिली दहा मिनिटं गादी दगडासारखी लागते, नंतर शरीराचा साचा घेते. साचा घेतल्यावर अंगाभोवती हवा उरत नाही, म्हणून ज्यांना रात्री उकडतं त्यांची यावर झोपमोड होते. जेल मिसळलेला फोम पहिला तासभर गार लागतो, मग तोही शरीराच्या तापमानाला येतो. मला स्वतःला मेमरी फोमवर कूस बदलणं चिखलातून पाय काढण्यासारखं वाटतं. पण खांदा दुखणाऱ्या बायकोला तोच आवडतो.

स्प्रिंगमध्ये दोन जाती. एकीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात. एक जण उठला की दुसरा हलतो आणि जुनी झाली की कुरकुरते. दुसरीत प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र खिशात, म्हणून पॉकेट स्प्रिंग. ही कल्पना जुनी आहे, १९०० च्या सुमारास कॅनडात जेम्स मार्शल यांनी ती आणली. प्रत्येक स्प्रिंग आपल्यापुरती दबते, त्यामुळे खांदा आत जातो आणि कंबर वर राहते. विक्रेता 'इतक्या हजार स्प्रिंगा' म्हणाला की तारेची जाडी विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवा. आणखी एक, स्प्रिंगच्या गादीतला खळगा बऱ्याचदा स्प्रिंगचा नसतोच, वरच्या फोमचा थर दबलेला असतो.

लेटेक्स लवचीक, टिकाऊ आणि भयंकर जड. दोन माणसांशिवाय ही गादी हलत नाही. उन्हात मात्र टाकू नका, सूर्यप्रकाशाने लेटेक्स चिरतो. काथ्याची गादी कडक आणि हवेशीर, पण एकदा दबली की परत वर येत नाही. कापसाची बसते, पण पिंजून पुन्हा भरता येते, आणि ऊन दाखवलं की फुलते. बाकी कुठल्याही गादीला दुसरा जन्म नाही.

आता कडकपणा. माझी दुसरी गादी ज्या समजुतीपायी आली, ती समजूत खोडणारा अभ्यास माझ्या खरेदीच्या कितीतरी आधी छापून आला होता. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं आणि हालचालीतली अडचण दोन्ही जास्त कमी झालेली आढळली. 'मध्यम' म्हणजे काय याचा मापदंडही त्यात होता. १ म्हणजे सगळ्यात कडक आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ असं धरलं, तर कडक गादी २.३ ची आणि मध्यम ५.६ ची. म्हणजे मऊ गुबगुबीत नव्हे, पण दगडही नव्हे.

तरी हे 'मध्यम' प्रत्येकाचं वेगळं. हलक्या माणसाला जी गादी कडक लागते तीच जड माणसाखाली दबते. दुकानातल्या लेबलापेक्षा दोन घरगुती परीक्षा कामाच्या. उताणे झोपा आणि कमरेच्या पोकळीत तळहात घाला. हात सुळकन आरपार गेला तर गादी जास्त कडक, हात शिरलाच नाही तर जास्त मऊ, थोडा जोर लावून सरकला तर ठीक. दुसरी परीक्षा कुशीवर झोपणाऱ्यांसाठी. अंगाला बसणारा बनियन घाला, घरातल्या कोणाकडून मानेपासून माकडहाडापर्यंत कण्यावर चिकटपट्टीचे पाच-सहा तुकडे लावून घ्या, नेहमीसारखे कुशीवर झोपा आणि मागून फोटो काढायला सांगा. तुकडे एका आडव्या रेषेत हवेत. मधे खाली झोळ दिसला तर कंबर बुडतेय. खांद्यापाशी रेषा उचललेली दिसली तर खांदा आत जात नाही, गादी कडक आहे. आमच्या घरी या फोटोवरून बरीच हसाहस झाली, पण माझी कंबर किती बुडते ते प्रथमच दिसलं.

गादी फक्त कडक असेल तर पाच सेंटीमीटरचा टॉपर टाकून सुधारते. खळगा असेल तर टॉपर टाकू नका, तो महिनाभरात त्याच खळग्याचा आकार घेतो. खळगा उथळ असेल तर गादी उशा-पायथा फिरवून बघा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी फिरवत राहा. उलटी करायची का? दोन्ही बाजू सारख्या असतील तरच. थर असलेल्या गादीची खालची बाजू झोपायची नसते.

नव्या गादीवर मान अवघडली

कंबर बरी झाली आणि मान धरली, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की आता विचारायच्या आधीच उशीकडे बोट दाखवतो. कारण साधं आहे. नव्या मऊ गादीत खांदा आत जातो, म्हणजे गादी आणि डोकं यांच्यातलं अंतर कमी होतं. जुनी उशी आता उंच पडते. कडक गादीकडे गेलात तर उलट, उशी बुटकी पडते.

कुशीवर झोपणाऱ्याच्या उशीने कान आणि खांद्याचं टोक यांच्यातली जागा भरायला हवी. उताणे झोपणाऱ्याला त्याहून बुटकी, पालथे झोपणाऱ्याला जवळजवळ नकोच. (पालथं झोपल्यावर रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते, त्याला कुठलीही उशी उपाय नाही.) उंची ठरवायला नवी उशी लागत नाही. बुटक्या उशीखाली टॉवेलची घडी घाला, एकेक पदर वाढवत किंवा काढत तीन-चार रात्री झोपा. जी घडी जमली ती मोजा आणि मग त्या उंचीची उशी आणा. आणायचीच तर चेन असलेली, आतला भराव काढता-घालता येईल अशी. उशी खांद्याखाली घेऊ नका, तिची कड मानेच्या खोबणीत यायला हवी. कुशीवर झोपून कंबर ओढल्यासारखी वाटत असेल तर गुडघ्यांत एक जुनी उशी धरा. यात पैसे नाहीत आणि गुण बराच आहे.

घाम, शिंका, खाज

गादी बरी असून मध्यरात्री उकडून जाग येत असेल तर थर वरून काढत चला. पहिला संशय प्रोटेक्टरवर. प्लॅस्टिकसारखा सळसळणारा जलरोधक प्रोटेक्टर घाम कोंडतो. पातळ पडद्याचा, हवा जाऊ देणारा घ्या. मग चादर. धाग्यांच्या संख्येचा मोठा आकडा बघून भुलू नका. दुपदरी-तिपदरी धागे मोजून तो फुगवता येतो, आणि घट्ट विणलेली चादर गरमही होते. एक धागा वर, एक खाली अशा साध्या विणीचं सुती कापड, ज्याला पर्केल म्हणतात, ते गार आणि कोरडं लागतं. साटीन विणीचं गुळगुळीत चमकदार, पण उबदार. पॉलिस्टरच्या मिश्रणाला सुरकुत्या पडत नाहीत हा त्याचा गुण, घाम शोषत नाही हा दोष. पांघरूण जाड एक घेण्यापेक्षा पातळ दोन घ्या, रात्री एक लाथाडता येतं.

सकाळी उठल्यावर सलग शिंका, डोळ्यांना खाज, आणि बाहेर पडल्यावर आराम, हे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचं काम असू शकतं. ते चावत नाहीत. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांच्या विष्ठेने ॲलर्जी होते. ओलाव्यावर पोसले जातात, म्हणून कोरड्या हवेत टिकत नाहीत. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर किडे मरतात, गार पाण्यात नुसते नाहतात. गादीला आणि उशीला घट्ट विणीची चेनची खोळ घाला. अंगावर ओळीने लाल गांधी आणि गादीच्या शिवणीत काळे बारीक ठिपके असतील तर मात्र ते ढेकूण. ती लढाई वेगळी, त्यासाठी तज्ज्ञ बोलवा. आणि रस्त्यावरून उचललेली किंवा कोणी दिलेली जुनी गादी घरात घेऊ नका.

घ्यायचीच असेल तर

पलंग दुरुस्त केल्यावरच. दुकानात गादीवर बसून उड्या मारू नका, आपण झोपतो त्या कुशीवर पंधरा मिनिटं पडा. लाज वाटली तरी. जोडीदाराला सोबत न्या. दोघांच्या वजनात मोठा फरक असेल तर एकच गादी दोघांना मानवणं कठीण, दोन वेगवेगळ्या गाद्या एका खोळीत जोडून घेणं शहाणपणाचं. पलंगाचं आतलं माप घ्या, बाहेरचं नव्हे.

हमीपत्रात तीन ओळी शोधा. किती खोल खळगा पडला तर भरपाई (काही जण दीड इंचाच्या आत खळगा मोजतच नाहीत, आणि तेवढ्या खोलीवर माझी कंबर केव्हाच गेलेली होती). पलंग कसा असायला हवा, म्हणजे फटी आणि मधला आधार. डाग पडला तर हमी रद्द होते का. घरी वापरून परत करायची सवलत असेल तर पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर घाला.

गुंडाळून आलेली गादी पूर्ण फुलायला एक ते तीन दिवस घेते. नवा वास खिडक्या उघड्या ठेवल्यावर थोड्या दिवसांत जातो. अंगालाही दोन-तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यातल्या कुरकुरीवर निकाल देऊ नका, पण महिन्याभरानंतरही सकाळ तशीच असेल तर स्वतःची समजूत घालत बसू नका. परत करा.

माझी तिसरी गादी मी ठेवलीच. पाचर बसवल्यावर खळगा मोजला तेव्हा साडेतीन सेंटीमीटर होता. गादी उशा-पायथा फिरवली, आणि दोन महिन्यांत तो दोनवर आला. त्यापुढे भरला नाही, भरणारही नाही. कंबर मात्र तिसऱ्या आठवड्यातच सुटली. आता आम्ही मधे घरंगळत नाही. त्याऐवजी बायकोची मान कुरकुरतेय, आणि काल रात्री तिच्या उशीची चेन उघडून दोन मुठी भराव काढून ठेवलाय.